अर्धा वाडगा तेलाचा

कारखाना म्हणावा एवढी ती जागा मोठी नव्हती आणि खोली म्हणावी एवढी लहानही नव्हती. पुढच्या भागात लेथ, भिंतीला टेकवलेले ओंडके आणि गुडघाभर छिलक्यांचा ढीग, तो धाकट्याचा मुलूख. मागच्या भागात रुंद खिडकी, तिच्याखाली लांब फळी, फळीवर तेलाच्या बाटल्या, सुती चिंध्या आणि पालथे घातलेले वाडगे, तो आक्काचा. मधे दार नव्हतं. तरी एकतीस वर्षांत धाकट्याने आपली पटाशी आक्काच्या फळीवर ठेवली नव्हती आणि आक्काने आपली बाटली लेथवर ठेवली नव्हती. भावाबहिणीचं भांडण होऊ नये म्हणून नव्हे, भांडण तर रोज व्हायचं. लाकडाची धूळ ओल्या तेलावर बसू नये म्हणून.

धाकटा कातारी होता आणि चांगला कातारी होता. त्याचा वाडगा कुठेही ठेवा, डुगडुगायचा नाही. कडेवरून बोट फिरवा, कुठे जाड कुठे बारीक लागायचं नाही. वाडगा झाला की तापलेल्या लोखंडाने तो बुडावर बरोबर मधोमध तीन कड्यांचा शिक्का उमटवायचा. गिऱ्हाईक यायचं ते "तीन कड्यांचा द्या" असंच म्हणत. त्या वाडग्याला तेल कोणी पाजलं, कोणी पुसलं, कोणी उन्हाची तिरीप बघून खिडकीत फिरवत ठेवलं, हे कोणी विचारत नसे. खरं सांगायचं तर आक्कानेही कधी विचारलं नव्हतं. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती चार दिवस हाताला काम म्हणून, आणि त्या चार दिवसांची एकतीस वर्षं कशी झाली ते तिलाही कळलं नाही.

मग एका सोमवारी तो डबा आला.

"आक्का, हे बघ," धाकटा डबा नाचवत म्हणाला. "लॅकर आहे. वर दाबलं की फवारा. तासाभरात खडखडीत वाळतं आणि वर आरशासारखी चमक. आता तुला दिवसदिवस खिडकीत उभं राहायला नको. पाय दुखतात म्हणतेस ना? बस आता आरामात."

आक्काने डब्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "आरामात म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी."

"घरी काय आहे?"

धाकटा गडबडला. "घरी... घर आहे."

कोपऱ्यात बसून ऑर्डरींची वही लिहिणारी त्याची मुलगी, म्हणजे आक्काची भाची, फिस्सकन हसली. आक्का हसली नाही. तिने हातातला वाडगा पुसून पुरा केला, पालथा घातला आणि दुसरा उचलला.

त्याच आठवड्यात खानावळवाली आली. बस आगाराच्या समोर तिची खानावळ होती आणि तिच्या सूपासाठी लोक बस चुकवायचे. नाकावर माशी बसू न देणारी बाई. आल्या आल्या तिने एक वाडगा उचलला, वास घेतला, नखाने टोकरून पाहिला.

"मला साठ हवेत," ती म्हणाली. "स्टीलच्याने बोटं भाजतात, मातीचे धुणारे फोडतात आणि प्लास्टिकमध्ये गरम वाढणं मला पटत नाही. लाकडाचे एकदा घेतले होते बाजारातून. चमक अशी की भांग पाडून घ्यावा. पंधरा दिवसांनी एका गिऱ्हाइकाने दातातून पापुद्रा काढून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणतो कसा, बाई, माशाला खवले असतात ऐकलं होतं, सूपाला खवले आजच पाहिले."

"आमचं तसं नाही," धाकट्याने लगेच डबा पुढे केला. "हे नवीन आहे."

"पहिले पंधरा दिवस सगळंच नवीन असतं," आक्का फळीवरून म्हणाली.

खानावळवालीने मान वळवली. आत कोणी आहे हे तिला आत्ताच कळलं होतं. "मग तुम्ही काय लावता, आक्का? मेण?"

"मेण गरम सूपात वितळेल. तुमच्या सूपावर तवंग येईल तो मेणाचा."

"मग लाखेचा चपडा?"

"दिसायला राजा. कढत पडलं की पांढरा फटक पडतो."

"मग घरचं खायचं तेलच चोपडा की. माझ्याकडे डबेच्या डबे आहेत."

"ते वाळत नाही, बाई. आत मुरतं आणि महिन्याभरात खवट होतं. लोक म्हणतील सूप शिळं आहे." आक्का आता फळी सोडून पुढे आली होती. "अक्रोडाचं तेल चालतं, छान वाळतं. पण एखाद्याला अक्रोड सोसत नाही, घसा सुजतो. तुमच्याकडे शंभर माणसं जेवतात, कोणाकोणाला विचारणार? जवसाचं चांगलं. कच्च्या घाण्याचं, भेसळ नसलेलं. ते लाकडात शिरतं आणि आतच घट्ट होतं. वर थर राहतच नाही, तर निघेल काय?"

"आणि वाळायला महिना लागतो," धाकटा म्हणाला. "साठ वाडग्यांना तेल पाजत बसलो तर यांची खानावळ आम्हीच चालवायला घेऊ तोवर."

दोघांची तोंडं दोन दिशांना पाहून खानावळवालीने हात वर केले. "तुम्ही घरात ठरवा. मला टिकणारं हवं. वाट बघायला मी तयार आहे, दातातून खवले काढायला नाही."

तेव्हा आक्का जे बोलली ते आधी ठरवलेलं नव्हतं. "एकच वाडगा करू. मधोमध पट्टी मारायची. अर्धा त्याच्या डब्याचा, अर्धा माझ्या तेलाचा. तुम्ही त्यात सूप वाढा."

"दोन वेगळे करू की," धाकटा म्हणाला.

"दोन केले की हरणारा म्हणणार लाकूडच वाईट होतं. तुला मी लहानपणापासून ओळखते. पत्त्यांत हरलास की पत्ते चिकट होते म्हणायचास."

खानावळवालीला ते फार आवडलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला वाडगा तिच्या हातात द्यायचा. ती महिनाभर त्यात दिवसातून तीनदा सूप वाढणार, तीनदा घासणार. जो अर्धा टिकेल, त्याचे साठ.

"आणि एक," आक्का म्हणाली. "माझा अर्धा टिकला तर बुडावर तुझ्या शिक्क्याशेजारी माझाही शिक्का. या साठांवरच नाही, पुढेही."

धाकट्याला हसू आलं आणि लगेच आवरावं लागलं, कारण समोरची हसत नव्हती. "आक्का, शिक्का कातणाऱ्याचा असतो. सगळीकडे तसंच आहे."

"सगळीकडचं मला माहीत आहे. मी इथलं विचारतेय."

"आणि नाही टिकला तर?"

"तर ही बाटली तुझ्या हातात देईन आणि घरी जाऊन घर बघत बसेन."

भाचीने वहीत मान घातली. धाकट्याने एकदा लेकीकडे, एकदा खानावळवालीकडे पाहिलं. दोन बायकांसमोर माघार कशी घ्यायची? "कबूल," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी चालत जाताना आक्का स्वतःशीच नवल करत होती. शिक्क्याचं तिच्या तोंडून एकाएकी कसं आलं? मग तिला आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी एक म्हातारा गिऱ्हाईक आला होता. त्याने वाडगा हातात घेतला आणि डोळे मिटून आतून अंगठा फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा, जशी लहान बाळाची टाळू चाचपावी. मग वाडगा उलटा करून तीन कडी पाहिली आणि म्हणाला, "काय हात आहे कातार्‍याचा!" आक्का हातभर अंतरावर चिंधी घेऊन उभी होती. ज्या हाताचं कौतुक चाललं होतं तो हात त्या चिंधीत होता. तिने पुढचा वाडगा पुसायला घेतला. कुसळ लागावं तसं ते कुठेतरी राहून गेलं होतं.

धाकट्याने तुतीचा वाळलेला ओंडका घेतला. कारखान्यात वाळून तयार असा तो एकच होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडगा कातून झाला, अर्ध्या भागावर चिकटपट्टी आणि कागद लागला, उरलेल्या अर्ध्यावर अंगणात नेऊन फवारा मारला. तासाने दुसरा फवारा, तासाने तिसरा. चहाच्या वेळेला त्याचं काम संपलंसुद्धा. तो शीळ घालत हात धुवायला गेला.

सकाळी वाडगा आक्काच्या फळीवर आला. एक बाजू काचेसारखी लखलखत होती, दुसरी कोरी, पिवळसर. आक्काने गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवली, तेल कोमट झाल्यावर चिंधीने कोऱ्या बाजूला आतून बाहेरून चोळलं, पाव तास थांबली आणि कोरड्या चिंधीने पुसलं. तिचा नियम एकच होता. लावलं तेवढं पुसायचं, जे लाकडाने ठेवून घेतलं ते लाकडाचं. मग तेलाच्या चिंध्या तिने नेहमीप्रमाणे एकेक पसरून कुंपणावर वाळत घातल्या. गोळा करून कोपऱ्यात फेकलेली जवसाची चिंधी आपोआप पेट घेते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वाडगा चिकट होता. पहिल्या हाताला थोडं होतंच. तिसऱ्या दिवशीही चिकट. चौथ्या दिवशी त्यावर एक चिलट चिकटून मेलं होतं.

"आत्या," भाची हळूच म्हणाली, "हे वाळत का नाहीये?"

"वाळेल."

धाकटा जाता जाता थबकला. "आक्का, वाडगा केलास की माशांचा सापळा? तसंही चालेल म्हणा, खानावळीत माशा फार."

"तू तुझी पटाशी सांभाळ," आक्का म्हणाली. तेल बिघडलं? तिने त्याच बाटलीतलं तेल एका ढलपीवर चोळून पुसलं. दुसऱ्या दिवशी ढलपी छान सुकत आली होती. म्हणजे तेल ठीक होतं. मग हात बिघडला? सहासष्टाव्या वर्षी एखाद्या दिवशी हात आपलं काम विसरत असेल का? हा विचार आला तशी तिने चिंधी खाली ठेवली. चपला घातल्या आणि कोणाला न सांगता तासभर बाहेर जाऊन आली. कुठे गेली होती ते तिने सांगितलं नाही.

परत आल्यावर तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून चिकट तेल बोटभर जागेवरून काढलं आणि तिथे कोरडा अंगठा फिरवला.

लाकूड चुंई करून वाजलं.

तिने पुन्हा फिरवला. पुन्हा चुंई. कोरं लाकूड अंगठ्याखाली असं वाजत नाही, खसखसतं. घासलेली काच अशी वाजते. आक्काने त्या जागेवर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब अळवाच्या पानावर बसावा तसा टम्म बसून राहिला, आत जाण्याचं नाव नाही.

"धाकट्या!"

लेथ थांबला. त्या हाकेला तो वयाच्या सहाव्या वर्षापासून थांबत आला होता.

"या वाडग्याला शेवटी काय केलंस?"

"काय केलं? पॉलिशपेपर मारला."

"दीडशेचा?"

"दीडशेचा... मग दोनशेवीसचा. मग चारशेचा, अगदी बारीक. बाहेरच्या बाईसमोर जायचा वाडगा, जरा बरा दिसावा."

"आणि मग?"

धाकट्याने नाक चोळलं. "आणि मग छिलक्यांची मूठ धरली फिरत्या वाडग्यावर. थोडीशीच. चमक येते गं त्याने. तुझ्या अर्ध्यालाही आली की, फुकटात!"

आक्काला हसावं की रडावं कळेना. कातारी हे करतात. त्याच लाकडाचे छिलके मुठीत घेऊन फिरत्या लाकडावर दाबून धरायचे, लाकूड आपल्याच छिलक्यांनी घासून उजळतं. रंगवायच्या खुंट्यांना, दिव्याच्या दांड्यांना ते ठीक. पण त्याने लाकडाची तोंडं बंद होतात. म्हणून तर एकतीस वर्षं ती त्याला सांगत आली होती, दीडशेच्या कागदावर थांब, पुढचं माझं. आणि एकतीस वर्षं तो थांबला होता. नेमका याच वाडग्याला त्याचा हात पुढे गेला होता.

"मुद्दाम केलंस का, बाबा?" भाचीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"आईशप्पथ नाही!" धाकट्याचा चेहरा खरंच उतरला होता. "आक्का, मी दुसरा कातून देतो. आत्ता लगेच."

"कशातून? ओला ओंडका कातलास तर महिन्यात त्याची होडी होईल." आक्काने वाडगा उचलून खिडकीत धरला. भावाने मुद्दाम केलं नव्हतं हे तिला त्याच्या नाक चोळण्यावरूनच कळलं होतं. आणि हातही बिघडला नव्हता. हात ठीकच होता! तिच्या अंगात एकदम दहा वर्षांपूर्वीची ताकद आल्यासारखं झालं. "राहू दे. तू बंद केलीस, मी उघडते."

तिने लॅकरच्या कडेवर स्वतः पट्टी चिकटवली. उद्या धाकट्याला, तुझ्या पाण्याने माझी बाजू बिघडली, असं म्हणायला जागा नको. मग सगळं चिकट तेल टर्पेंटाइनने काढलं, त्याचा वास उडून जाईपर्यंत वाडगा वाऱ्यावर ठेवला. मग कढत पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळलं आणि पोराचं तोंड पुसावं तसं आपली बाजू पुसून घेतली. दाबून झोपवलेले लाकडाचे तंतू पाणी पिऊन उभे राहिले, वाडग्याला जणू दाढीचे खुंट आले. वाळल्यावर ते तिने दीडशेच्या कागदाने हलक्या हाताने उतरवले. पुन्हा पाणी, पुन्हा वाळवणं, पुन्हा कागद. तीन वेळा. तिसऱ्या वेळेला तिने अंगठा फिरवला आणि भाचीला बोलावलं.

"ऐक."

"काय ऐकू?"

"अंगठा. खसखसतोय की नाही?"

भाचीने कान लावला. "खसखसतोय," ती म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की धाकट्याने लेथवरून वळून पाहिलं.

आता कोमट तेल लावलं तर ते डोळ्यांदेखत आत गेलं. पिवळसर लाकूड मधासारखं झालं, वलय न् वलय वर आलं. पाव तास, पुसणं, वाळवणं. तीन दिवसांनी दुसरा हात. सहा हातांचा तिचा रिवाज होता, पण वाया गेलेले दिवस भरून काढायचे होते. म्हणून चारच हात दिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा पातळ, आणि उरलेले दिवस वाडगा नुसता उजेडात आणि वाऱ्यात ठेवला. खिडकीतलं ऊन सरकेल तसा तीही तो सरकवायची. सकाळी डावीकडे, दुपारी मधे, संध्याकाळी उजवीकडे. धाकट्याची बाजू त्या उन्हात चमकून डोळ्यांवर यायची. तिच्याकडे न पाहता ती आपलं काम करायची.

तीस तारखेला तिने वाडगा रात्रभर डब्यात झाकून ठेवला आणि सकाळी भाचीच्या नाकाशी उघडला. "वास घे. माझं नाक तेलात मुरलंय, त्याच्यावर माझा भरवसा नाही."

भाचीने लांब श्वास घेतला. "लाकडाचा येतोय."

"तेलाचा?"

"नाही गं आत्या. नुसता लाकडाचा."

एक तारखेला वाडगा खानावळीत गेला.

खानावळवालीने तो रोज येणाऱ्या एका ड्रायव्हरला नेमून दिला. जाडजूड, मिशाळ गडी. सकाळ, दुपार, संध्याकाळ तो तिथेच जेवायचा. "अर्धा इकडे, अर्धा तिकडे," तो वाडगा फिरवत म्हणाला. "माझ्या सासऱ्याने वाटण्या केल्या तेव्हाही एवढा सरळ बांध घातला नव्हता."

आक्का तिकडे फिरकली नाही. बातमी भाची आणायची. पाचव्या दिवशी दोन्ही बाजू जशाच्या तशा. सहाव्या दिवशी जशाच्या तशा. आक्का बाकीच्या वाडग्यांना तेल लावत राही आणि विचारत काही नसे, पण भाचीच्या चपला दारात वाजल्या की तिची चिंधी थांबायची.

एरवी धाकटा घरचा डबा सोडून बाहेर पाण्याचा घोट घेत नसे. तो एकाएकी सूपाचा भक्त झाला. दोन दिवसांआड "जरा खिळे बघून येतो" म्हणून जायचा आणि मिशीला सूप लावून परत यायचा. खिळे काही कधी आले नाहीत.

नवव्या दिवशी तो आला तो सरळ लेथला लागला. भाची मागून आली आणि आक्काच्या कानाशी लागली. "बाबांच्या बाजूला धुकं आलंय. सूप जिथवर भरतात तिथवर पांढरी रेघ."

"माझ्या?"

"काही नाही. थोडी काळसर झाली."

"काळसर होणारच. तुती आहे ती," आक्का म्हणाली आणि तिची चिंधी नेहमीपेक्षा जरा वेगाने फिरायला लागली.

सतराव्या दिवशी धुक्यात केसाएवढी चीर होती. मग धाकट्याने सूप सोडलं. खिळ्यांची गरज संपली.

तिसाव्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर सगळे खानावळीत जमले. आक्का पहिल्यांदाच तिथे आली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बाकावर बसली. खानावळवालीने वाडगा घासून, पुसून टेबलावर मधोमध ठेवला. ड्रायव्हर आपली बस लावून मुद्दाम थांबला होता. दोन धुणारेही हात पुसत आले.

लॅकरची बाजू वरून अजून चमकत होती. खाली मात्र ती जुन्या काचेसारखी आंधळी झाली होती, चिरांचं जाळं पसरलं होतं आणि मधल्या बांधाशी एक कडा उचलली गेली होती. खानावळवालीने तिथे नख घातलं. कांद्याचा पापुद्रा निघावा तसा बोटभर तुकडा अलगद वर आला. तिने तो उजेडात धरला.

"खवले," ती म्हणाली.

मग तिने दुसऱ्या बाजूला नख घातलं. टोकरलं. पुन्हा टोकरलं. नखाला काही लागेना.

"थांबा, थांबा," धाकटा पुढे वाकला. त्याच्या डोळ्यांत जरा जीव आला होता. "बुडाशी बघा. इथे फिकं पडलंय. आक्का, तुझंही उडालंय की!"

खरंच होतं. जिथे चमचा रोज घासायचा तिथे रुपयाएवढा डाग कोरडा, भुरकट दिसत होता. सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. धुणाऱ्यांनीही.

आक्का उठली. पिशवीतून छोटी बाटली काढली, चिंधीवर चार थेंब घेतले आणि त्या डागावर चोळले. अंगठ्याने, गोल गोल. मग ती थांबली. पाव तास सगळी खानावळ त्या वाडग्याकडे पाहत बसली. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं आणि बसच्या वेळेकडे दुर्लक्ष केलं. मग तिने कोरड्या चिंधीने सगळं पुसून काढलं आणि वाडगा पुढे सरकवला.

डाग नव्हता. कुठे होता तेही शोधून सापडेना.

"एवढंच," आक्का म्हणाली. "वर्षातून दोनदा लावायचं आणि आठवडाभर वाळू द्यायचं. त्याला मी लागत नाही, तुमचा हा धुणाराही करेल." मग ती भावाकडे वळली. आवाज न चढवता तिने लॅकरच्या बाजूवर बोट ठेवलं. "आता ही दुरुस्त कर."

धाकट्याने वाडगा हातात घेतला. बराच वेळ फिरवून पाहिला, चिरांवरून नख फिरवलं. तो कातारी होता, खोटं बोलणं त्याला लाकडासमोर जमत नसे. "ही खरवडून काढावी लागेल," तो म्हणाला. "सगळी." मग वाडगा खाली ठेवून म्हणाला, "पत्ते चिकट नव्हते, आक्का."

भाचीने टाळी वाजवली. ड्रायव्हरने टेबलावर अशी थाप मारली की मिठाची बाटली आडवी झाली.

"साठ!" खानावळवाली म्हणाली. "सगळे बिनचमकीचे, सगळे आक्कांच्या तेलाचे. तीन महिने लागोत नाहीतर चार."

"आणि हा अर्धामुर्धा मला," ड्रायव्हर म्हणाला. "महिनाभर माझ्या तोंडाला लागलाय, आता दुसऱ्याला कसा देणार?"

"आधी मला खरवडायला दे, मग घेऊन जा," धाकटा म्हणाला. "आणि दुसरी बाजूही आक्काकडून तेल पाजून घे."

परतताना धाकटा बहिणीच्या एक पाऊल मागून चालत होता. अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, "शिक्का करायला टाकावा लागेल ना तुझा? लोहाराकडे?"

आक्काने पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली लोखंडी दांडी काढून त्याच्या हातात दिली. टोकाला लंबगोल आणि त्यात तीन वाकड्या रेघा.

धाकटा भर रस्त्यात उभा राहिला. "कधी करून घेतलास?"

"वाडग्याला चिलट चिकटलं होतं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"त्या दिवशी? अगं, त्या दिवशी तर तू हरत होतीस!"

"म्हणूनच गेले. बसून काय केलं असतं?"

"आणि खरंच हरली असतीस तर?"

"तर मागच्या दाराला खिट्टी नाहीये घरी. तिथे बसवली असती."

धाकट्याने दांडी उलटसुलट केली. "पण हा तर अंगठा दिसतोय. आक्का, चाळिशी उलटल्यावर पाटी घेऊन सही शिकलीस आणि शिक्का अंगठ्याचा?"

"सही पेनाने होते," आक्का म्हणाली. "वाडगा अंगठ्याने होतो."

तोवर वाळत आलेल्या ओंडक्यांचे वाडगे कातून व्हायला आणि तेल पिऊन वाळायला दोन महिने गेले. धाकटा प्रत्येक वेळी दीडशेच्या कागदावर थांबला. छिलक्यांकडे हात गेला की भाची खाकरायची. पहिले बारा तयार झाले त्या दिवशी त्याने लेथ बंद ठेवला, शेगडी पेटवली आणि दोन्ही लोखंडं शेजारी शेजारी तापत ठेवली.

पहिला वाडगा त्याने पालथा घातला. कंपासने बुडावर काहीतरी मोजलं, पेन्सिलीने दोन टिंबं केली आणि आपला शिक्का उमटवला. तीन कडी मधोमध उमटली नव्हती. ती डावीकडे होती, आणि उजवीकडे बरोबर तेवढीच जागा मोकळी होती.

आक्काने ती जागा पाहिली. दांडी उचलली, टोक लाल नसून नुसतं तापलंय याची खात्री केली, वाडग्यावर सरळ उभी धरली आणि दाबली. चर्रर्र झालं, निळसर धूर आला, जळक्या तुतीचा गोडसर वास खोलीभर पसरला. तिने मनात पाचपर्यंत मोजलं आणि दांडी उचलली. तीन कड्यांशेजारी तपकिरी अंगठा स्वच्छ उमटला होता, रेघ न् रेघ.

भाची वाकून पाहत राहिली. धाकट्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खोल गेलाय," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा छान गेलाय."

आक्का वाडगा घेऊन खिडकीत गेली, उजेडात धरून मनसोक्त पाहिला आणि आपल्या फळीवर ठेवला. मग परत येऊन दांडी शेगडीत घातली.

"दुसरा आण," ती म्हणाली. "आणि तुझी कडी या खेपेला जरा खाली घे. माझ्या ओळीत आली पाहिजेत."